गारगोट्यांचा छंद : बांधावर पडलेले धन

मराठवाड्याच्या भूमीची ओळख उर्वरित महाराष्ट्राला प्रामुख्याने दोन गोष्टींमुळे आहे. एक दुष्काळ आणि दुसरी ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप. याच भूमीत आणखी एक वस्तू विपुल आढळते. परंतु वेचून बांधावर फेकण्यापलीकडे तिची दखल सहसा घेतली जात नाही. ती वस्तू म्हणजे गारगोटी. लातूर-नांदेड मार्गावरील अहमदपूरचा परिसर बालाघाटच्या पठारावर वसलेला आहे. नांगरट झाल्यावर पहिला पाऊस पडला की येथील माळरानावर, ओढ्यांच्या पात्रांत आणि मन्याड नदीच्या काठी दुधी, करड्या, तांबूस रंगांचे खडे धुऊन वर येतात. अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून त्यांतून उमटणारा फिकट उजेड पाहण्याचा खेळ खेड्यात वाढलेल्या अनेकांना आठवत असेल. हेच खडे वेचून, महिनाभर घोळवून त्यांना आरशासारखी झिलई आणण्याचा छंद जगात अनेक ठिकाणी जोपासला जातो. त्यासाठी लागणारा कच्चा माल आपल्या पायाखाली आहे.

खडकाच्या पोकळीतील स्फटिक

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारसाचे लोट बाहेर पडले आणि थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या विंधनविवरात या काळ्या पाषाणाची जाडी ३३८ मीटर भरली. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्याने विरघळलेली सिलिका या पोकळ्यांत आणून साठवली. ती अतिसूक्ष्म कणांच्या रूपात थराथराने साचली तेथे पट्टेदार अकीक तयार झाला; मध्ये जागा उरली तेथे टोकदार स्फटिक वाढले. लोहाच्या अंशामुळे काही खड्यांना तांबडा वा पिवळा रंग आला.

काळा पाषाण ऊन-पावसाने झिजतो आणि त्याची काळी माती होते. गारगोटी मात्र सहसा झिजत नाही, म्हणून ती मातीत तशीच शिल्लक राहते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूला, काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो. तेथील पांढरीशुभ्र गारगोटी खडकातील शिरांमधून सुटून येते. दख्खनच्या पोकळ्यांतील खनिजांचे वैभव पाहायचे असेल त्यांनी नाशिक जिल्ह्यातील सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयास अवश्य भेट द्यावी.

पारख कशी करावी?

मोहच्या काठिण्यश्रेणीत गारगोटीचा क्रमांक ७ आहे. तिने काचेच्या तुकड्यावर सहज ओरखडा उठतो, पण चाकूच्या टोकाने तिच्यावर उठत नाही. तिच्यासारखेच दिसणारे कॅल्साइट मऊ असते आणि लिंबाच्या रसाने फसफसते. पोकळ्यांत सापडणारी झिओलाइट वर्गातील खनिजेही मऊच असतात. ही परीक्षा टाळू नये. घोळणीत एकही मऊ खडा गेला तर तो झिजून नाहीसा होतो आणि भेगाळलेल्या खड्याचे टवके इतरांना ओरखडतात. सर्व खडे समान काठिण्याचे, भेगा नसलेले, परंतु लहान-मोठ्या आकारांचे असावेत.

चार आठवड्यांची साधना

घोळणयंत्राची रचना सोपी असते. दोन फिरत्या रुळांवर रबरी अस्तराचा आडवा पिंप ठेवतात आणि लहान विद्युत मोटारीने तो संथ गतीने फिरवतात. पिंप सुमारे दोन-तृतीयांश खड्यांनी भरावा, वरच्या थराच्या किंचित खाली येईल इतके पाणी घालावे आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी टाकावी. पहिल्या आठवड्यात ६० ते ९० क्रमांकाची भरड भुकटी खड्यांच्या कडा मोडते. दुसऱ्या आठवड्यात १२० ते २२०, तर तिसऱ्या आठवड्यात ५०० क्रमांकाची बारीक भुकटी वापरतात. चौथ्या आठवड्यात ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिरियम ऑक्साइडने अखेरची झिलई चढते. खडा ओबडधोबड असेल तर पहिला टप्पा पुन्हा करण्यात कमीपणा मानू नये.

प्रत्येक टप्प्यानंतर खडे, पिंप आणि झाकण काटेकोरपणे धुणे हा या कलेचा प्राण आहे. भरड भुकटीचा एखादा कण शेवटच्या टप्प्यात शिरला तरी महिन्याची मेहनत वाया जाते. पिंपातून सळसळ असा एकसारखा आवाज यावा. धडधड ऐकू आल्यास पिंप अपुरा भरला आहे किंवा वेग जास्त आहे असे समजावे. आत वायू साचू नये म्हणून दिवसातून एकदा झाकण उघडावे. ओला खडा नेहमीच चमकतो, तेव्हा झिलईची खरी परीक्षा तो पुसून कोरडा केल्यावरच होते. उरलेला गाळ मोरीत ओतल्यास तो घट्ट बसून नळ तुंबतो. तो ओला असतानाच खड्ड्यात पुरावा.

खंभातचा धडा

ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून, कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमविलेल्या पुरातन वस्तूंतून तेथील शासकीय संग्रहालय उभे राहिले; त्यात दगडी मणीही आहेत. गुजरातमधील खंभातचे कारागीर पूर्वी कातडी पिशवीत मणी, पाणी आणि कुरुंदाची भुकटी भरून ती दोन माणसांमध्ये कित्येक दिवस मागेपुढे लोटत असत. आज ते काम फिरते पिंप करतात.

त्याच खंभातने मोठी किंमतही मोजली आहे. सहाणेच्या चाकावर कोरडा अकीक घासताना उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य विकार जडतो आणि क्षयाचा धोका वाढतो. घराघरांत चालणाऱ्या या धंद्यात कारागिरांबरोबर त्यांचे कुटुंबीयही धुळीच्या तावडीत सापडले. हौशी संग्राहकाने यातून एक नियम कायमचा शिकावा, तो म्हणजे गारगोटी कधीही कोरडी घासू अथवा कापू नये. घोळणीत पाणी असल्याने धूळ उडत नाही. परंतु सांडलेला गाळ वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावा. खडा फोडायचाच झाल्यास तो ओल्या कापडात गुंडाळावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा.

मर्यादेचे भान

शेतातील खडे वेचण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी. उभ्या पिकात शिरू नये. किल्ले, लेणी आणि संरक्षित स्थळांवरून खडाही उचलू नये. केंद्र सरकारने २०१५ मध्ये गौण खनिजांत घातलेल्या क्वार्ट्‌झला फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा प्रमुख खनिजांच्या यादीत घेतले आहे. त्याचे उत्खनन व व्यापार हा कायद्याचा विषय असून मूठभर खडे वेचण्याच्या हौसेचे रूपांतर त्यात होऊ देऊ नये. अश्मयुगीन माणसाने याच अकीक-गारगोटीची हत्यारे घडवली होती. कडा पद्धतशीर टवके काढून धारदार केलेली दिसली, किंवा भोक पाडलेला मणी आढळला, तर तो घोळणीत टाकू नये. जागेची नोंद करून पुरातत्त्व विभागास कळवावे. पिंपात गेलेला असा पुरावा चार आठवड्यांनी केवळ एक गुळगुळीत खडा होऊन बाहेर येईल.