मैहर बँड : अनाथ बालकांचे संगीतशिक्षण आणि स्वरसमन्वय

मैहर घराण्याचा इतिहास बहुधा पं. रविशंकर, उस्ताद अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी या एकलवादकांच्या नामावलीतून सांगितला जातो. त्याच गुरूने घडविलेल्या अनाथ मुलांच्या वाद्यवृंदाला त्यात जेमतेम एखादे वाक्य मिळते. संगीतशिक्षणाच्या इतिहासात मात्र या वाद्यवृंदाचे मोल कमी नाही.

1918 च्या सुमारास साथीच्या रोगाने आजच्या मध्य प्रदेशातील मैहर संस्थानात अनेक मुले पोरकी झाली. महाराजा ब्रिजनाथ सिंह यांच्या आश्रयास असलेल्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी त्यांना एकत्र करून वादन शिकविले. तोच पुढे मैहर बँड म्हणून प्रसिद्ध झाला. ज्या काळी वाद्यविद्या प्रामुख्याने खानदानी घरांतून वडिलांकडून मुलाकडे जात होती, त्या काळी संगीताचा वारसा नसलेल्या मुलांच्या हाती सतार, सरोद, इसराज, तबला यांच्याबरोबर व्हायोलिन, चेलो आणि पियानोही देण्यात आला.

या मिश्रणाचे मूळ खाँसाहेबांच्या 1935-36 मधील परदेश दौऱ्यात शोधणे कालक्रमास धरून नाही. उदयशंकरांच्या नृत्यपथकासमवेत ते युरोपात गेले तेव्हा बँड सुरू होऊन दीड तप उलटले होते. मूळ आहे ते कलकत्त्यात. तेथे तरुणपणी त्यांनी हाबू दत्त यांच्याकडे वाद्यवृंदाचे व लोबो या गोमंतकीय बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य व्हायोलिनचे शिक्षण घेतले होते. पुढे रामपूरचे बीनकार वजीर खाँ यांची सेनिया तालीम लाभली. मुलांपर्यंत पोहोचले ते या दोन्ही परंपरांचे संचित.

बंदुकीच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून तयार केलेले 'नलतरंग' हे या बँडचे वैशिष्ट्य. नळी जितकी आखूड, तितका स्वर उंच. मात्र नळीतून मींड निघत नाही, पियानोतूनही नाही. शिवाय समूहात प्रत्येकाने रागाचा स्वतंत्र विस्तार करणे शक्य नसते. त्यामुळे येथे बांधीव रचनांना महत्त्व आले. स्थिर स्वरांच्या वाद्यांनी सांगाडा उभा करावा आणि व्हायोलिन, इसराज यांनी स्वरांमधील अंतर भरून काढावे, अशी विभागणी वाद्यांच्या स्वभावातूनच सुचते. पाश्चात्त्य नृत्यधुनांच्या वळणाच्या रचनाही मुलांना शिकविल्या गेल्या. तरीही पाया राहिला तो एकाच स्वरावलीच्या सामुदायिक वादनाचा. वाद्ये बदलली, नाद बदलला, रागाची चौकट कायम राहिली. पुढील काळात 'फ्यूजन' या नावाखाली जे प्रयोग झाले, त्यांतील पुष्कळ प्रयोगांपेक्षा ही समज अधिक नेमकी होती, असे म्हणावे लागेल.

हे सारे शिक्षण मुखी व श्रुतीच होते. रचना पाठ करून वाजविल्या जात. 1972 मध्ये खाँसाहेबांचे निधन झाल्यावरही बँड चालू राहिला आणि नव्या वादकांनी त्या रचना जुन्यांकडून ऐकूनच उचलल्या.