बोस्टनचा पैसा, पुण्याचे सदन आणि चौसाळ्याचा प्रश्न

धाग्याची सुरुवात चौसाळ्यापासून करू. बीड-धाराशिव रस्त्यावरचे हे गाव. दसरा-दिवाळीच्या सुमारास या परिसरातील कुटुंबे ऊसतोडीला निघून जातात आणि मागे आजीआजोबांजवळ शाळकरी मुले उरतात. समजा, गावातील पाच-सहा जणींनी अशा मुलांसाठी संध्याकाळच्या जेवणाची सोय करायचे ठरवले. पुण्यातील एक दाता मदत देण्यास तयार आहे. पण त्याला 80 जी ची पावती हवी आहे. या बायकांकडे ना नोंदणी, ना पॅन, ना बँकखाते. मग पैसा उतरायचा कुठे?

यावरचा रूढ मार्ग असा : एखादी नोंदणीकृत संस्था ‘यजमान’ होते. देणगी तिच्या खात्यावर जमा होते, पावती ती देते, हिशेब आणि लेखापरीक्षण तिचे. काम मात्र लहान गटाचे. या श्रमाबद्दल यजमान संस्था देणगीतील काही टक्के वाटा ठेवते. इंग्रजी जगात यालाच फिस्कल स्पॉन्सरशिप म्हणतात. वाटा घेण्यात गैर काही नाही. लेखापाल फुकट राबत नाही. खरी मेख निराळीच आहे. कायद्याच्या दृष्टीने तो पैसा यजमानाचा असतो. गट आणि यजमान यांचे बिनसले, तर?

हा प्रश्न महाराष्ट्राने एकोणिसाव्या शतकातच अनुभवला आहे. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत गेल्या आणि तेथेच विधवा मुलींच्या शाळेसाठी मदत मिळवण्याच्या उद्योगास लागल्या. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. ठिकठिकाणच्या ‘रमाबाई सर्कल’मधून वर्गणी गोळा व्हायची. दहा वर्षे मदत करण्याचे वचन होते आणि अट एकच, पण जड : शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही, मुलींच्या आचाराला हात लावायचा नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झाल्या होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे वजन कळते.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई म्हणजेच पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई. येथील कामावर देखरेख ठेवण्यासाठी स्थानिक सल्लागार मंडळ होते आणि त्यात न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. म्हणजे पैसा बोस्टनचा, प्रतिष्ठा पुण्याची आणि कष्ट रमाबाईंचे. आजच्या व्याख्येत ही व्यवस्था तंतोतंत बसत नाही. तरी तिचे सांधे ओळखीचे आहेत.

ते सांधे 1893 मध्ये निखळले. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करीत. काही मुली आपणहून तेथे जाऊन बसू लागल्या. ही मोकळीक की प्रभाव? ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. रानडे आणि भांडारकर यांनी मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रस्तुत लेखकाला येथे दोन्ही बाजू समजतात. रानड्यांनी आपल्या शब्दावर पालकांचा विश्वास मिळवला होता. तो शब्द आपल्या हाती उरला नाही असे वाटल्यावर त्यांनी दूर होणे स्वाभाविकच. पण दार बंद करून प्रार्थना कर, असे रमाबाईंना सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता? अट लिहिलेली होती. तिचा अर्थ कोणी लावायचा, यावर मात्र एकमत नव्हते.

असोसिएशनने रमाबाईंची साथ सोडली नाही, म्हणून सदन तगले. स्थानिक आधार गेला तरी निधीची नळी वेगळी होती, हे त्यामागचे साधे कारण. 1898 मध्ये दहा वर्षांची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, जुने मंडळ विसर्जित होऊन नवे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ उभे राहिले. केडगावचे मुक्ती सदन पुढे उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच वाढले.

आता कायद्याकडे. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात; आपल्या चौसाळ्याच्या पाच-सहा जणी तेथेच अडतात! एखाद्या कामापुरती वर्गणी गोळा करायची, तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातील कलम 41 क आहे. गणेश मंडळे त्याच वाटेने परवानगी घेतात. आणि 1992 मध्ये नाबार्डने 500 बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला, तेव्हापासून नोंदणी नसलेल्या बायकांच्या गटालाही स्वतःच्या नावाचे खाते मिळू लागले. मात्र खाते मिळाले म्हणून 80 जी ची पावती मिळत नाही. त्यासाठी यजमान हवाच, आणि त्याच्याशी लेखी करारही हवा : वाटा किती, खर्चाला मंजुरी कोणाची, काडीमोड झाल्यास शिल्लक रक्कम आणि स्वयंपाकाची भांडी कोणाकडे.

परदेशी पैशाचे दार मात्र या वाटेला बंद झाले आहे. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवता येत नाही. थेट घ्यायची तर स्वतःची नोंदणी हवी, आणि त्यासाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी लागते. 1889 चे शारदा सदन आज असते, तर बोस्टनचा पहिला हप्ता घेण्यापूर्वी त्याला दिल्लीहून पूर्वपरवानगी आणावी लागली असती.