जपानी साहित्यिकांचे नामाभिधान आणि चरित्रलेखन

चरित्रकाराने चरित्रनायकाचा निर्देश कोणत्या नावाने करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ लेखनशिस्तीचा वाटतो. जपानी साहित्यिकांच्या बाबतीत मात्र तो इतिहासाचा प्रश्न आहे. एकाच व्यक्तीला कुलनाम, व्यक्तिनाम आणि एक वा अनेक साहित्यनामे असत. त्यांपैकी कोणते नाव केव्हा व कोणत्या नात्याने धारण केले गेले, हे जाणल्यावाचून चरित्राचे पहिले वाक्यही निर्दोष लिहिता येत नाही.

या बहुविधतेची मुळे जुनी आहेत. ‘गेंजी मोनोगातारी’ची कर्त्री मुरासाकी शिकिबु हिचे हे व्यक्तिनाम नव्हेच. ‘शिकिबु’ हा शब्द तिच्या पित्याच्या दरबारी खात्यावरून आला. ‘मुरासाकी’ हे तिच्याच कथेतील नायिकेवरून पडलेले नाव मानले जाते. एदो काळात (१६०३–१८६८) विद्वान, वैद्य, कवी व चित्रकार ‘गो’, म्हणजे साहित्यनाम वा कलानाम, धारण करीत. कवी मात्सुओ बाशो (१६४४–१६९४) याचे ‘बाशो’ हे नाव फुकागावा येथील कुटीपाशी शिष्याने लावलेल्या केळीवरून पडले. तत्पूर्वी तो ‘तोसेई’ या नावाने लिहीत असे. सामान्य प्रजेला कुलनाम उघडपणे लावण्याची मुभा १८७० मध्ये मिळाली आणि १८७५ मध्ये ते सक्तीचे झाले. आडनावाने उल्लेख करण्याचा आधुनिक संकेत ज्या व्यवस्थेवर उभा आहे, ती व्यवस्थाच सर्वसामान्यांपुरती अशी अलीकडची आहे.

मेइजी काळातील लेखकांनी जुनी प्रथा पुढे चालविली. नात्सुमे किन्नोसुके (१८६७–१९१६) याने ‘सोसेकी’ हे साहित्यनाम, आपल्या बोलण्यातील चूक हट्टाने समर्थणाऱ्या एका गृहस्थाच्या चिनी आख्यायिकेवरून घेतले. जपानी अभ्यासक त्याला ‘नात्सुमे’ न म्हणता ‘सोसेकी’ म्हणतात. हिगुची इचियो (१८७२–१८९६) हिचा उल्लेखही ‘इचियो’ असाच होतो. उलट, तानिझाकी जुनइचिरो (१८८६–१९६५) हे खरे नाव असल्याने तेथे ‘तानिझाकी’ हे कुलनाम योग्य ठरते. हिराओका किमिताके (१९२५–१९७०) याने ‘मिशिमा युकिओ’ हे कुलनामासकट संपूर्ण नाव कल्पिले. म्हणून तेथे ‘मिशिमा’. सारांश, कुलनामाला साहित्यनाम जोडलेले असेल तेथे साहित्यनामाने, अन्यत्र कुलनामाने निर्देश करावा, असा हा सर्वसाधारण संकेत आहे.

नामक्रमाचा प्रश्न याहून निराळा आहे. जपानी भाषेत कुलनाम प्रथम येते. मेइजी काळापासून पाश्चात्य भाषांत लिहिताना हा क्रम उलटण्याची प्रथा पडली. काही इंग्रजी लेखनांत १८६८ पूर्वी जन्मलेल्यांना जपानी व नंतरच्यांना पाश्चात्य क्रम, अशी तडजोड केली गेली. तिच्यामुळे सोसेकी आणि इचियो या पाच वर्षांच्याच अंतराने जन्मलेल्या, एकाच युगातील लेखकांची नावे परस्परविरुद्ध क्रमाने लिहावी लागतात. जपानी शासनाच्या भाषाविषयक परिषदेने २००० मध्ये रोमन लिपीतही कुलनाम प्रथम लिहिण्याची शिफारस केली आणि १ जानेवारी २०२० पासून शासकीय दस्तऐवजांत तो क्रम स्वीकारला गेला. मराठी कोशलेखनात ‘आगरकर, गोपाळ गणेश’ या धर्तीच्या नोंदीत स्वल्पविराम ही क्रम बदलल्याची खूण असते. जपानी नावात क्रम बदललेलाच नसल्याने तेथे हा स्वल्पविराम दिशाभूल करतो.

क्रमाचा निर्णय शासनाने दिला. परंतु नावाच्या निवडीचा निर्णय चरित्रकारालाच करावा लागतो. मोरी ओगाई (१८६२–१९२२) याने १९१६ मध्ये ‘शिबुए चूसाई’ हे एदोकालीन वैद्याचे चरित्र लिहिले. जुन्या ग्रंथांवरील मुद्रेत त्याला ‘शिबुए’ हे कुलनाम आढळले होते आणि एका हस्तलिखितातील टिपांत ‘चूसाई’ हे नाव. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असावीत, या तर्काचा शोध हाच त्या चरित्राचा प्रारंभ झाला.

लष्करी वैद्यकसेवेत सर्वोच्च पदास पोहोचलेल्या याच ओगाईने मृत्युपत्रात शासकीय मानसन्मान नाकारले. आपल्या जन्मप्रांताचा, म्हणजे इवामीचा, मोरी रिंतारो म्हणूनच मरण्याची इच्छा त्याने प्रकट केली. त्याच्या समाधिशिलेवर ‘ओगाई’ हे साहित्यनाम नाही. केवळ ‘मोरी रिंतारो’ हे नाव आहे.

म्हणून त्याच्या चरित्रात बालपण, शिक्षण व सेवा यांच्या निवेदनात ‘रिंतारो’, साहित्यविवेचनात ‘ओगाई’ आणि मृत्यूच्या प्रसंगी पुन्हा ‘रिंतारो’ असे म्हणणे सयुक्तिक होय. मात्र दोन्ही नावांचा संबंध आरंभीच व सूचीतही स्पष्ट केला पाहिजे. सर्वत्र एकच नाव वापरल्याने लेखनात एकरूपता येईल, परंतु त्या मनुष्याने स्वतः केलेला भेद पुसला जाईल.