वर्गणीचे पुस्तक आणि मूत्रपिंडाची प्रतीक्षा

पेशवाईतील एखाद्या गावाचा कुलकर्ण्याच्या हातचा जमाखर्च चाळला, तर सरकारदेण्याखेरीज देवाचा उत्सव, गोसाव्या-फकिरांचा धर्मादाय, आल्यागेल्याचा शिधा अशा बाबी गावखर्चाच्या सदरी मांडलेल्या दिसतात, आणि तो खर्च रयतेवर पट्टी बसवून वसूल होत असे. त्या सदरात आजाऱ्याचे नाव सहसा आढळत नाही. शुश्रूषा हे घराचे, फार तर भावकीचे कर्तव्य मानले जाई. आणि वैद्याची मात्रा व पथ्यपाणी यांवर कुटुंब कर्जबाजारी झाले तरी त्याची वार्ता गावचावडीपर्यंत पोहोचण्याचे कारण नसे.

आजाऱ्यासाठी वर्गणी फिरविण्याचा प्रघात खऱ्या अर्थाने रुजला तो मुंबईच्या गिरणगावात. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेला चाकरमानी परळ-लालबागच्या चाळींत गावकीच्या खोलीत पथारी टाकी, खानावळीत जेवे आणि गावच्या ग्रामस्थ मंडळाचा सभासद होई; आणि ज्याची भावकी शेकडो कोसांवर राहिली त्याचे आजारपण व मयत या दोन्ही गोष्टी निभावण्याचे काम ओघानेच या मंडळावर येई. मंडळाचा मुख्य उद्देश ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार, पाखाडी किंवा शाळेची इमारत हाच असे. परंतु खजिनदाराच्या ट्रंकेत पावतीपुस्तक तयार असल्यामुळे तेच पुस्तक प्रसंगी क्षयाच्या रोग्यासाठीही बाहेर पडे. या पुस्तकाचेही एक शास्त्र होते. पहिल्या पावतीवर गावातील वजनदार असामीचे नाव घालून आकडा जाणूनबुजून मोठा ठेवीत, म्हणजे पुढच्यास संकोचाने का होईना हात सैल करावा लागे. रकमेच्या शेवटी एक रुपया हटकून असे. आणि पगाराच्या दिवशी संध्याकाळी दोघे कार्यकर्ते खोल्या पालथ्या घालीत, कारण दुसऱ्या दिवशी तोच पैसा वाण्याच्या उधारीत गडप होई. याहून मोठी रक्कम हवी असल्यास नमन किंवा जाखडीचा प्रयोग लावीत. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह अशा मदतीच्या प्रयोगांना कित्येक वर्षे हक्काचे ठिकाण होते.

अवयव-प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया भारतात प्रथम याच परळात अवतरली, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ रोजी हृदयरोपण केले आणि तीन महिने उलटण्याच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी महानगरपालिकेच्या केईएम रुग्णालयात तोच प्रयोग केला. रोगी काही तासच जगला. त्या काळी असा उपचार हे विद्येचे साहस होते. त्याचा खर्च संस्थेच्या शिरावर असे आणि आप्तांना पैशांसाठी दारोदार फिरण्याचा प्रश्नच नव्हता. औषधाची चिठ्ठी बाहेरची निघाली तर पालिकेच्या रुग्णालयांतील ‘पुअर बॉक्स’ निधी कामी येई, आणि जे. जे. रुग्णालयात १९४६ साली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाल्यापासून घरात मिळवते किती आणि खाणारी तोंडे किती याची चौकशी करून मदतीची शिफारस करण्याची पद्धतही पडत चालली होती.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये मूत्रपिंडरोपण यशस्वी झाल्यावर मात्र हा उपचार प्रयोगाच्या कक्षेतून संसाराच्या कक्षेत आला, आणि येथेच वर्गणीच्या जुन्या रीतीची परीक्षा झाली. मंदिराचा कळस एकदा चढला की हिशेब पुरा होतो, वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो, शिल्लक बँकेत पडते. मूत्रपिंडाच्या रोग्याचा खर्च असा पुरा होत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस, दाता केव्हा मिळेल याची शाश्वती नाही, आणि मिळून शस्त्रक्रिया पार पडली तरी शरीराने परके इंद्रिय झिडकारू नये म्हणून जन्मभर घ्यावयाची औषधे. सायक्लोस्पोरिन आले तेव्हा गुण फार आला, पण मासिक खर्चाने मध्यमवर्गीयांचेही डोळे पांढरे झाले. शस्त्रक्रियेच्या आकड्यासाठी लोक उत्साहाने पैसे देत. तिसऱ्या वर्षाच्या गोळ्यांसाठी पुस्तक फिरवायला कार्यकर्ताच मिळत नसे. याबद्दल लोकांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गणीची रीतच मुळी सोहळ्यासाठी घडलेली होती.

याहून अप्रिय बाब म्हणजे १९८० नंतरचा मूत्रपिंडांचा बाजार. मुंबई आणि मद्रास येथे दलालांमार्फत उघड व्यवहार चालत, आखाती देशांतून ग्राहक येत आणि कर्जात बुडालेला माणूस आपले मूत्रपिंड विकी. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सद्भावनेने जमविलेली एखादी थैली अशा दलालाच्या हाती पडलीच नसेल असे छातीठोकपणे म्हणवत नाही. आणि पडली असेल तर गरिबांच्या वर्गणीने अधिक गरिबाचे अंग विकत घेतले गेले, एवढाच त्याचा अर्थ. संसदेने १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेशात आणि केंद्रशासित प्रदेशांत अमलात आला. अवयवाची खरेदी-विक्री गुन्हा ठरली, मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळाली आणि जवळच्या नात्याबाहेरच्या दात्याला प्राधिकार समितीपुढे उभे राहून आपले देणे केवळ स्नेहापोटी आहे हे पटवून द्यावे लागू लागले. पुढे मृतांकडून मिळणाऱ्या अवयवांसाठी प्रतीक्षायादी आली, आणि तीत पावतीपुस्तकाला शिरकाव राहिला नाही.

पैशाची बाजू कायद्याने सावकाश धरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी, दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखून देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णनिधीत जमा करावी लागते. त्यामुळे मंडळाच्या कार्यकर्त्यांचे काम संपले नाही, पालटले मात्र. पूर्वी जो खोल्या पालथ्या घाली तो आता तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी उभा राहतो, शिधापत्रिकेच्या नकला साक्षांकित करून आणतो, सिद्धिविनायक न्यासाकडे आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज लावतो. आणि अर्जासोबत जोडावयाचे रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचे आहे की नाही, हे बारकाईने पाहून घेतो.