हॉथॉर्न्सवरची दोन विमानं

१८ मार्च २०१७. इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या वेस्ट ब्रॉमविचच्या हॉथॉर्न्स मैदानावर सामना चालू होता आणि आकाशात दोन छोटी विमानं घिरट्या घालत होती. दोघांच्या शेपटीला लांबलचक फलक बांधलेले. एकावर मजकूर असा की नवा करार नको, वेंगर बाहेर. दुसऱ्यावर नेमकं उलट : वेंगर यांच्यावर आमचा विश्वास आहे, त्यांचा मान राखा. दोन्ही विमानांचे पैसे भरले होते ते आर्सेनल या एकाच क्लबच्या चाहत्यांनी. खाली गवतावर आर्सेनल ३-१ असा हरला.

मी तो सामना कोल्हापुरात, घरी टीव्हीवर पाहत होतो. शनिवारची संध्याकाळ होती. सामना संपल्यावर मी वहीत दोन्ही विमानांची नोंद केली. तोपर्यंत अशा वह्या नऊ झाल्या होत्या. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी हिशेबाच्या खात्यात झाली, इंग्रजी वाचायला शिकलो ते सामन्यांच्या वृत्तांतांवरून, आणि संशोधनाची शिस्त म्हणाल तर तारखा दोन ठिकाणी ताडून पाहायच्या एवढीच. पण त्या दोन विमानांनी मला एक प्रश्न दिला आणि तो इतिहासाचाच आहे असं मला वाटतं. बावीस वर्षं एकाच जागी राहिलेल्या माणसाचं मूल्यमापन करायचं, तर ते कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत करायचं?

ज्यांना फुटबॉलचं वेड नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. इंग्लंडमध्ये मॅनेजर म्हणजे नुसता प्रशिक्षक नव्हे. निदान वेंगर यांच्या काळापर्यंत तरी खेळाडू विकत घेणं, विकणं, त्यांनी काय खावं हे ठरवणं, सगळं त्याच्याकडे असे. आर्सेन वेंगर १९९६ च्या ऑक्टोबरात लंडनच्या आर्सेनलमध्ये आले तेव्हा ते जपानमधल्या नागोया ग्रॅम्पस एट या संघाला शिकवत होते. फ्रेंच माणूस, स्ट्रासबुर्ग विद्यापीठातून अर्थशास्त्र शिकलेला, चष्मा लावणारा. लंडनच्या एका सायंदैनिकानं ‘आर्सेन कोण?’ असा मथळा दिला, तो नंतर दंतकथाच होऊन बसला. दोन वर्षांच्या आत, १९९८ मध्ये, त्यांनी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. ब्रिटन आणि आयर्लंडच्या बाहेरून आलेल्या मॅनेजरनं इंग्लिश लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. २००२ मध्ये पुन्हा दोन्ही. आणि २००३-०४ च्या हंगामात लीगचे सर्व ३८ सामने एकही न हरता : २६ विजय, १२ बरोबरी. त्याआधीच्या आणि नंतरच्या हंगामांतले सामने धरून ही मालिका ४९ पर्यंत गेली आणि ऑक्टोबर २००४ मध्ये मँचेस्टरला, ओल्ड ट्रॅफर्डवर तुटली.

चाहत्यांचं भांडण इथूनच सुरू होतं. एक बाजू म्हणते, १९९८ चं यश निम्मं जॉर्ज ग्रॅहम यांचं. सीमन, डिक्सन, अ‍ॅडम्स, विंटरबर्न ही तटबंदी त्यांनीच उभी केलेली. ते १९८९ आणि १९९१ ची लीग जिंकून, १९९५ मध्ये एजंटाकडून घेतलेल्या पैशांच्या प्रकरणात बडतर्फ झाले. वेंगरना आयता किल्ला मिळाला. यात तथ्य आहे. पण किल्ल्यात दाणागोटाही लागतो. तिशी ओलांडलेल्या त्या बचावपटूंची कारकीर्द वेंगर यांच्या आहार आणि व्यायामाच्या नियमांमुळे लांबली, असं त्यांच्यातल्या काहींनी स्वतःच वारंवार सांगितलं आहे. पाच लाख पौंडांना आणलेला निकोला अनेल्का १९९९ मध्ये रेआल माद्रिदला दोन कोटींहून अधिक पौंडांना विकला गेला. त्या पैशांत थिएरी ऑन्री आला आणि सरावाचं नवं मैदान उभं राहिलं. अर्थशास्त्र वाया गेलं नव्हतं म्हणायचं.

तरीही या पहिल्या वादाला आता धार उरलेली नाही. खरा वाद दुसऱ्या अर्ध्याचा आहे. रूढ मांडणी अशी : १९९६ ते २००६ हा सुवर्णकाळ, २००६ ते २०१८ हा ऱ्हास. एकाच नावाचे जणू दोन वेंगर. मीही बरीच वर्षं हेच मानत होतो. २८ ऑगस्ट २०११ ला ओल्ड ट्रॅफर्डवर आर्सेनल ८-२ असा हरला, त्या रात्री मी वहीत ‘आता पुरे’ एवढंच लिहिलं होतं. क्लबनं त्या दिवशी तिथं गेलेल्या आपल्या चाहत्यांना पुढच्या एका बाहेरच्या सामन्याचं तिकीट स्वखर्चानं देऊ केलं. भरपाई म्हणून ते चाललं असेल, पण अपमानाची एवढी स्पष्ट पावती एखाद्या क्लबनं फाडलेली मी दुसरी पाहिली नाही.

मात्र नंतर मी जमाखर्च पाहायला लागलो, आणि २००६ ही सीमारेषा वेंगर यांच्या कर्तबगारीनं आखलेली नसून काँक्रीटनं आखलेली आहे असं दिसू लागलं. आर्सेनलचं जुनं मैदान हायबरी. त्यात माणसं मावायची ३८ हजारांच्या आसपास. चॅम्पियन्स लीगचे सामने दोन हंगाम वेम्बलीवर खेळवले तेव्हा सत्तर हजारांच्या वर लोक आले, म्हणजे मागणी होती आणि जागा नव्हती. हाकेच्या अंतरावर साठ हजारांचं नवं मैदान बांधायचं ठरलं. एकूण खर्च ३९ कोटी पौंड. २००४ मध्ये बँकांकडून २६ कोटी पौंडांचं कर्ज. त्याच वर्षी एमिरेट्स या विमान कंपनीशी मैदानाचं नाव आणि अंगरख्यावरची जाहिरात मिळून दहा कोटींचा करार. तो भाव त्या वेळी मोठा होता. पैशाची निकड असल्यामुळे तो दीर्घ मुदतीचा केला, आणि पुढे जाहिरातींचे भाव चढत गेले तेव्हा आर्सेनल जुन्या दरातच अडकून पडला. घर बांधणाऱ्या कुठल्याही मध्यमवर्गीय माणसाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही.

आणि हे सगळं घडत होतं नेमक्या कुठल्या वर्षांत? २००३ च्या उन्हाळ्यात रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला. २००८ मध्ये मँचेस्टर सिटी अबू धाबीच्या राजघराण्यातल्या मालकाकडे गेला. शेजारी अमर्याद पैसा ओतत असताना वेंगर कर्जाचे हप्ते सांभाळत होते. कर्ज देताना बँकांनी आपण पाच वर्षं राहणार अशी हमी मागितली होती, असं वेंगर यांनी पुढे सांगितलं. म्हणजे तारणात मैदान होतंच, आणि माणूसही. विएरा, ऑन्री, फाब्रेगास, नासरी एकेक करून गेले. २०१२ मध्ये व्हान पर्सी थेट मँचेस्टर युनायटेडला विकला. पुढच्या एप्रिलात तो विजेता म्हणून लंडनला आला तेव्हा आर्सेनलच्या खेळाडूंना दोन रांगांत उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवाव्या लागल्या. आणि तरी, सलग वीस हंगाम आर्सेनल पहिल्या चारांत राहिला. चौथं स्थान हाही एक चषक आहे अशा अर्थाचं बोलल्यामुळे वेंगर यांची पुष्कळ टिंगल झाली. पण त्या चौथ्या स्थानातून चॅम्पियन्स लीगचा पैसा येत होता आणि त्यातून हप्ते जात होते. टिंगल करणाऱ्यांत मीही होतो.

इथं थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता, विमानवाल्या भक्तांना आवडलाही असता. पण तारखा ताडायची सवय आड येते. २०१३ मध्ये आर्सेनलनं मेसुत ओझिलला सव्वाचार कोटी पौंडांना आणलं, पुढच्या वर्षी अलेक्सिस सांचेसला. म्हणजे गळफास सैल झाला होता. मे २०१४ मध्ये हलविरुद्धच्या अंतिम सामन्यात सुरुवातीच्या दहा मिनिटांतच दोन गोल खाऊनही ३-२ असा एफए कप जिंकला आणि नऊ वर्षांचा दुष्काळ संपला. आता लीग जिंकायला हरकत काय होती? २०१५-१६ मध्ये चेल्सी, दोन्ही मँचेस्टर, सगळे अडखळले. लीग जिंकली ती लेस्टरनं, ज्यांच्यावर हंगामाच्या सुरुवातीला पाच हजारास एक असा भाव होता. त्या लेस्टरला आर्सेनलनं दोन्ही सामन्यांत हरवलं होतं आणि तरी तो दहा गुणांनी मागे, दुसरा राहिला. या हंगामाला कर्जाची सबब लागत नाही. पुढच्याच वर्षी बायर्न म्युनिकनं दोन सामन्यांत मिळून १०-२ असं धुतलं, आणि लीगमध्ये पाचवा क्रमांक आला.

म्हणून माझ्या मते वेंगर दोन नाहीत, तीन आहेत. पहिला घडवणारा, दुसरा भार वाहणारा, आणि तिसरा, ज्याला भार उतरल्यावर ताठ उभं राहता आलं नाही. चाहत्यांच्या वादात मधला गायब होतो. एका बाजूला तो ऱ्हासाच्या खात्यात टाकायचा असतो, दुसरी बाजू त्याच्या पुण्याईवर तिसऱ्यालाही माफ करून टाकते. मला विचाराल तर २००६ ते २०१३ हे त्यांचं सर्वांत अवघड काम होतं, आणि नेमकं त्याच काळातलं फडताळात ठेवण्यासारखं काही नाही.

यात मालकांचा हिशेब वेगळा. वेंगरना आणणारे डेव्हिड डीन २००७ मध्ये क्लबमधून बाहेर पडले, क्रोंके यांच्याकडे २०११ मध्ये बहुमताचे समभाग गेले. शिव्या मात्र मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला पडत राहिल्या. डिसेंबर २०१४ मध्ये स्टोकच्या रेल्वे स्थानकावर, संघ गाडीत चढत असताना, त्यांच्याच चाहत्यांनी त्यांना अर्वाच्य ओरडून घेतलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये हरारेत मुगाबे यांच्या विरोधातल्या मोर्चात एकानं ‘वेंगर आउट’चा फलक धरला होता. त्यात थट्टा होती हे उघड आहे. पण झिम्बाब्वेतला माणूस हा क्लब आपला मानतो, हेही वेंगर यांच्याच खात्यावर जमा आहे. कानू, लॉरेन, कोलो तुरे यांचा संघ पाहून आफ्रिकेतली एक अख्खी पिढी आर्सेनलची झाली. आणि कोल्हापुरातला मीसुद्धा.

एक गोष्ट पुढच्या संशोधकांसाठी नोंदवून ठेवतो. २०१८ च्या वसंतात एमिरेट्सवर हजारो खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. १ मार्चला बर्फ पडत असताना मँचेस्टर सिटीकडून ०-३ असा पराभव झाला, त्या रात्री तर ओळीच्या ओळी ओस होत्या. पण अधिकृत उपस्थितीचे आकडे काढून पाहा, मैदान जवळपास भरलेलं दिसेल. कारण क्लब मोजतो विकलेली तिकिटं, आलेली माणसं नव्हेत. हंगामाची तिकिटं आधीच विकली गेली होती. लोक पैसे भरून घरी बसले. तो निषेध होता आणि कागदावर त्याचा मागमूस नाही. २० एप्रिलला वेंगर जाणार असं जाहीर झालं. ६ मे रोजी बर्नलीविरुद्ध ५-० असा निरोपाचा सामना झाला, तेव्हा तीच मैदानभर माणसं उभी राहून रडत होती.

आर्सेनलच्या इतिहासात वेंगर यांच्या तोडीचा एकच माणूस, हर्बर्ट चॅपमन. १९२५ मध्ये आले, १९३० ला एफए कप, १९३१ आणि १९३३ ला लीग, आणि जानेवारी १९३४ मध्ये न्यूमोनियानं गेले. हायबरीच्या दर्शनी दालनात त्यांचा अर्धपुतळा बसला. त्यांच्याबद्दल चाहत्यांत वाद नाही. जानेवारी १९३३ मध्ये वॉल्सॉलसारख्या किरकोळ संघाकडून कपात झालेला पराभव आज फक्त गंमत म्हणून सांगितला जातो. चॅपमन १९४० पर्यंत राहिले असते तर तोच पराभव ऱ्हासाची पहिली खूण ठरला नसता, असं कोण सांगेल?

वेंगर गेल्यानंतर साडेचार वर्षांहून अधिक काळ एमिरेट्सवर फिरकले नाहीत. २६ डिसेंबर २०२२ रोजी वेस्ट हॅमविरुद्धच्या सामन्याला ते प्रेक्षक म्हणून आले. दरम्यान एमरी आले, गेले, संघ चॅम्पियन्स लीगच्या बाहेर सहा हंगाम राहिला, आणि चौथं स्थान म्हणजे काय चीज असते ते सगळ्यांना कळलं. जुलै २०२३ मध्ये मैदानाबाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा केला. पुतळ्यात वेंगर चषक उंचावून उभे आहेत, २००४ मधल्यासारखे. क्लबनं पहिला वेंगर निवडला. हप्ते भरणाऱ्या माणसाचा पुतळा कसा करायचा, हा शिल्पकारापुढचाही प्रश्नच आहे म्हणा.

आता शेवटचं, जे खरं तर मी आधी सांगायला हवं होतं. आमच्याकडे पेठापेठांतून तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्याला जी गर्दी आणि ईर्ष्या असते तिला लंडनचं कौतुक नाही. आमच्या तालमीला एका माणसानं वीसेक वर्षं शिकवलं. पदरमोड करून. पोरांना दूध-अंडी स्वतःच्या खिशातून. शेवटच्या चार-पाच वर्षांत एकही चषक आला नाही, आणि एका रात्री तालमीत सभा बसली. एक ज्येष्ठ काका तेवढे म्हणाले, “बाबांनो, ह्यानं केलंय काय ते एकदा लिवून तरी काढा.” कुणी लिहून काढलं नाही. हात वर करून मतदान झालं.

आज त्या मास्तरांचा फोटो तालमीच्या भिंतीवर आहे, जुन्या ढालीसोबत, हार घातलेला. मध्यंतरी या लेखासाठी म्हणून तालमीची जुनी इतिवृत्तं काढून बसलो होतो. त्या सभेचं पान सापडलं. बाजूनं सात, विरुद्ध एकवीस. नावं लिहिलेली नाहीत. त्या एकवीसांत मी आहे.