पंचहौद मिशनच्या बिस्किटांपासून मांजरीतील घरगुती केकपर्यंत : पुणे परिसरातील भट्टीचे पदार्थ, मेळावे आणि सहली

सारांश

पाव, बिस्किट, नानकटाई व केक हे भट्टीत भाजलेले पदार्थ आज पुणे परिसरातील घरगुती मेळाव्यांचा आणि छोट्या सहलींचा अविभाज्य भाग झाले आहेत. मात्र सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच पदार्थांवरून पुण्यात मोठा सामाजिक वाद उद्‍भवला होता. हे पदार्थ निषिद्धतेकडून नित्य व्यवहाराकडे कसे आले आणि या वाटचालीत सहभोजनाच्या प्रश्नाचे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. पुण्याच्या पूर्वेकडील मांजरी या गावाच्या संदर्भात या प्रक्रियेचा अलीकडचा टप्पा तपासला आहे.

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजकीय घडामोडींना जेवढे स्थान मिळाले, तेवढे स्वयंपाकघराला मिळाले नाही. वास्तविक कोणी काय खाल्ले, यापेक्षा कोणी कोणाच्या हातचे आणि कोणाच्या पंक्तीला बसून खाल्ले, हा भारतीय समाजाच्या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे. जातिव्यवस्था टिकवून धरणाऱ्या दोन प्रमुख बंधनांपैकी एक बेटीबंदीचे, तर दुसरे रोटीबंदीचे होते. या दृष्टीने पाहिले असता पाव-बिस्किटांचा इतिहास हा केवळ चवीच्या बदलाचा इतिहास राहत नाही. मेळावा आणि प्रवास हे असे दोन प्रसंग होते की, जेथे घरातील सोवळ्याचे नियम आपोआप सैल होत. म्हणूनच भट्टीचे पदार्थ मराठी घरात प्रामुख्याने या दोन वाटांनी शिरले, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

पाव : धर्मांतराशी जोडलेला पदार्थ

पश्चिम किनाऱ्यावर खमीर घातलेला पाव पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यात पाव भाजणारा ‘पोदेर’ हा गावगाड्यातील एक महत्त्वाचा व्यावसायिक बनला. युरोपीय पद्धतीचे खमीर सहज उपलब्ध नसल्याने पीठ फुगविण्यासाठी माडाची ताडी वापरली जाई. कणीक आंबवलेली, त्यात ताडी, मळणारा परधर्मीय आणि पाणी त्याच्या हातचे, अशा चारही कारणांनी पाव सोवळ्याच्या नियमांत बसत नव्हता. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या वसई प्रांतात विहिरीत पावाचा तुकडा टाकून गाव बाटविल्याच्या आख्यायिका आजही सांगितल्या जातात. त्यांची ऐतिहासिक सत्यता हा वेगळा प्रश्न आहे. परंतु पावाचा एक तुकडा संपूर्ण विहीर बाटवू शकतो ही कल्पना लोकमानसात रुजली होती, हे त्यांवरून स्पष्ट होते.

पुण्यात भट्टीचे पदार्थ प्रामुख्याने लष्करामुळे स्थिरावले. नोव्हेंबर १८१७ मधील खडकीच्या लढाईनंतर पेशवाईचा अस्त झाला आणि पुण्याच्या पूर्वेस इंग्रजांची छावणी वसली. गोऱ्या शिपायांच्या रोजच्या शिध्यात पाव असल्याने छावणीत भट्ट्या आवश्यकच होत्या. पेठांतील पुणे आणि कॅम्पातील पुणे यांच्यामध्ये अंतर थोडेच होते. परंतु आहाराच्या बाबतीत ती दोन स्वतंत्र जगे होती. १८७५ मध्ये पुण्यातून ‘सूपशास्त्र’ हे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे पाकशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. स्वयंपाकाचे ज्ञान छापील स्वरूपात येऊ लागले, तरी भट्टी मात्र पेठांतील घराच्या उंबरठ्याबाहेरच राहिली.

पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण

या दोन जगांची गाठ ऑक्टोबर १८९० मध्ये पडली. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. तेथे मिशनऱ्यांनी पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे ठेवली. उपस्थितांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा समावेश होता. काहींनी चहा घेतला, काहींनी केवळ यजमानांचा मान राखण्यापुरता पेल्याला हात लावला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रातून प्रसिद्ध होतील अशी व्यवस्था केली आणि शहरात एकच खळबळ उडाली.

सनातनी पक्षाने हे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले. चौकशी झाली, ग्रामण्य उभे राहिले आणि शहरात तट पडले. टिळकांनी आपण काशी येथे प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानडे यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. रानडे यांच्या या निर्णयाने त्यांचे अनेक सुधारक अनुयायी नाराज झाले. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत या प्रसंगाची हकीकत नोंदविली आहे. बहिष्काराची झळ प्रत्यक्षात घरातील स्त्रियांना, श्राद्धपक्षाला, लग्नकार्याला आणि माहेरच्या येण्याजाण्याला कशी लागते, हे या प्रकरणातून प्रकर्षाने दिसते.

या प्रकरणातील एक बाब लक्षणीय आहे. वाद बिस्किटाच्या चवीचा किंवा त्यातील घटकांचा नव्हता. तो सार्वजनिक ठिकाणी, परधर्मीयाच्या हातचे, सर्वांसमक्ष स्वीकारण्याचा होता. खाजगीत चालून जाणारी गोष्ट मेळाव्यात घडली आणि छापली गेली, म्हणून तिचा गुन्हा झाला.

येथे एक मर्यादाही नमूद करावयास हवी. उच्चवर्णीयांसाठी हा प्रश्न प्रायश्चित्ताने मिटण्याजोगा होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी असा कोणताही विधी उपलब्ध नव्हता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात राजर्षी शाहू महाराजांनी स्वतः जाऊन चहा घेतला, तो याच बंदीला दिलेला धक्का होता. १९२७ चा महाडचा सत्याग्रह तर साध्या पाण्यासाठी करावा लागला.

शिदोरी, रेल्वे आणि सहल

प्रवासातील अन्नाविषयी मराठी समाजाचे स्वतःचे शास्त्र होते. पाण्यात शिजविलेले अन्न प्रवासात चालत नसे. तूप किंवा दूध वापरून केलेले चालत असे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली ‘दशमी’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. ती टिकाऊ असे आणि सोवळ्याच्या नियमांतही बसे. शिदोरी म्हणजे केवळ वाटेवरचे जेवण नव्हते, तर घराची शुद्धता घराबाहेर सोबत नेण्याची ती युक्ती होती.

रेल्वेने या युक्तीला आव्हान दिले. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पूर्ण झाल्यावर मुंबई-पुणे सलग प्रवास शक्य झाला. पुण्याहून पूर्वेकडे दौंडच्या दिशेने जाणाऱ्या मार्गावर मांजरीचे स्थानक आहे. एकाच डब्यात निरनिराळ्या जातींची माणसे दाटीने बसू लागली. स्थानकांवर हिंदू व मुसलमान प्रवाशांसाठी पाणी वेगळे ठेवले जाई, यावरून जुने नियम नव्या जागेत नेण्याचा प्रयत्न झाला हे दिसते. तथापि प्रवासात ‘चालून जाते’ ही सवलत हळूहळू रूढ झाली. कोरडे, टिकाऊ, हाताला न लागणारे आणि विकत मिळणारे बिस्किट या सवलतीत सहज बसले.

१ जून १९३० रोजी सुरू झालेली ‘दख्खनची राणी’ ही गाडी प्रारंभी आठवड्याअखेरच्या प्रवासासाठीच होती. ‘यात्रा’ या संकल्पनेशेजारी ‘सहल’ ही संकल्पना मध्यमवर्गात याच काळात दृढ झाली. यात्रेत उपास व नियम असतात. सहलीत खाणे हाच अर्धा आनंद असतो. यात्रेहून प्रसाद आणला जाई, तर सहलीहून ‘खाऊ’ येऊ लागला. लोणावळ्याची चिक्की आणि पुढे पुण्याची श्रूजबेरी बिस्किटे ही या बदलाची ठळक उदाहरणे होत.

इराणी भट्टी ते मोहल्ल्यातील बेकरी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इराणच्या यझ्द व केरमान भागांतून आलेल्या इराण्यांनी मुंबई-पुण्यात चहाची दुकाने व भट्ट्या थाटल्या. १९३५ मध्ये डेक्कन जिमखाना भागात सुरू झालेल्या ‘गुडलक’ने बनमस्का महाविद्यालयीन तरुणांपर्यंत नेला. १९५५ मध्ये कॅम्पातील ईस्ट स्ट्रीटवर ‘कयानी बेकरी’ सुरू झाली. इंग्लंडमधील श्रूजबेरी या गावाच्या नावाचे बिस्किट इराणी कुटुंबाने पुण्यात भाजावे आणि ते पेठेतील घरांनी पाहुण्यांना ‘पुण्याची खासियत’ म्हणून द्यावे, हा बदल १८९० च्या पार्श्वभूमीवर विलक्षण म्हणावा लागेल.

या बदलास आर्थिक कारणेही होती. १९३९ पासून पार्लेने बिस्किटांचे उत्पादन सुरू केले; पुण्यात साठे बिस्किट कंपनीसारखा मराठी उद्योग उभा राहिला. उत्पादक आपल्यातला असला की ‘कोणाच्या हातचे’ या प्रश्नाची धार बोथट होते. यंत्राने तर हा हातच अदृश्य केला. १९५६ नंतर अमेरिकेतून आलेल्या गव्हामुळे ज्वारी-बाजरीच्या प्रदेशातही गहू नित्याचा झाला आणि १९६५ मध्ये केंद्र शासनाने ‘मॉडर्न बेकरीज’ स्थापन करून पावाला शासकीय प्रतिष्ठा दिली.

मात्र सर्वांत महत्त्वाचा बदल शांतपणे घडला, तो नानकटाईच्या रूपाने. घरात भट्टी नसल्याने रवा, मैदा, पिठीसाखर आणि तूप वा वनस्पती तूप घेऊन स्त्रिया दिवाळीपूर्वी किंवा उन्हाळ्याच्या सुटीत जवळच्या बेकरीत जात. जिन्नस घरचे, भट्टी बेकरीवाल्याची आणि मजुरी किलोमागे, असा हा व्यवहार असे. भट्टी बहुधा मुसलमान, इराणी किंवा ख्रिस्ती व्यावसायिकाची. एकाच पत्र्यावर आळीतील अनेक घरांच्या नानकटाया भाजल्या जात आणि आपापल्या डब्यांतून घरी येत. दिवाळीच्या फराळासारख्या सोवळ्या गोष्टीत परधर्मीयाची भट्टी सामावली गेली, तरी कोणी ग्रामण्य उभे केले नाही. व्याख्यानांनी व ठरावांनी जे साधले नाही, ते स्त्रियांच्या या व्यवहाराने पुष्कळ अंशी साधले.

मांजरी : ऊस, द्राक्ष आणि घरगुती केक

मुठा कालव्याच्या पाण्याने पुण्याच्या पूर्वेकडील हडपसर-मांजरीचा पट्टा बागायती झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी मांजरी येथे सरकारी कृषी खात्याच्या प्रयोगक्षेत्रावर ऊसलागवडीचे प्रयोग होत असत. त्याच सुमारास परदेशी साखरेच्या शुद्धतेविषयी समाजात शंका होती. मॉरिशसहून येणारी म्हणून ‘मोरस’ म्हटली जाणारी साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध केलेली असते, हा स्वदेशीच्या चळवळीतील एक मुद्दा होता. पुढे १९७५ मध्ये मांजरीतच साखर उद्योगासाठी संशोधन संस्था स्थापन झाली. तीच आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट होय. १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही येथे आले. साखर आणि बेदाणा या केकच्या दोन जिन्नसांशी या गावाचा असा संबंध आहे.

३० जून २०२१ रोजी मांजरी बुद्रुकसह २३ गावे पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली. महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेली, परस्परांची जात-गोत ठाऊक नसलेली कुटुंबे येथे शेजारी झाली. अशा वस्तीत वाढदिवस, हळदीकुंकू, भिशी आणि गणेशोत्सवातील कार्यक्रम हेच परिचयाचे मार्ग ठरतात. विजेच्या ओव्हनमुळे भट्टी आता स्वयंपाकघरात आली आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी केक व पाव करून पाहण्याची जी लाट आली, तिने अशा घरगुती प्रयोगांना वेग दिला. नाचणीची बिस्किटे, गूळ घातलेला केक, पुरणपोळीच्या चवीचा केक असे नवे प्रकार करून मेळाव्यात मांडले जातात. थेऊरच्या चिंतामणीला किंवा एखाद्या दिवसाच्या सहलीला निघताना दशम्यांच्या जोडीने घरच्या केकचा डबाही सोबत असतो.

येथेही परंपरा मोडलेली नाही, तर वळलेली आहे. वाढदिवसाला आधी औक्षण होते, मग केक कापला जातो. ज्योत विझविणे अशुभ म्हणून अनेक घरांत मेणबत्त्या लावल्या जात नाहीत. ‘केक बिनअंड्याचा आहे ना’ आणि ‘अंड्याच्या केकचे भांडे वेगळे आहे ना’ हे प्रश्न आवर्जून विचारले जातात. यांतील काही प्रश्न आहारनिवडीचे असतात हे खरे. परंतु काहींच्या मागे ‘कोणाच्या हातचे’ हा जुनाच प्रश्न सभ्य भाषेत उभा असतो, हे नाकारता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. पुणे परिसरात भट्टीच्या पदार्थांना झालेला विरोध चवीमुळे नसून सहभोजनाच्या बंधनांमुळे होता. १८९० चे चहा-प्रकरण हे त्याचे स्पष्ट उदाहरण आहे.

२. मेळावा व प्रवास या दोन प्रसंगांनी ही बंधने सैल केली. त्यांतही सहलीची सवलत आधी मान्य झाली आणि मेळाव्याची मान्यता नंतर आली.

३. या परिवर्तनात सुधारकांच्या वादविवादांइतकाच वाटा नानकटाई भाजून घेणाऱ्या स्त्रियांच्या मूक व्यवहाराचा आहे. इतिहासलेखनात त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

४. फराळ करणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला किंमत नव्हती. आज मागणीनुसार केक करून देणारी गृहिणी दर ठरवते आणि डब्यावर आपले नाव छापते. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंदणी केली की ती कायद्याच्या लेखी व्यावसायिक ठरते.

५. रोटीबंदी संपली असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल. एका टेबलावरचा केक सर्वजण खातात, हे खरे. पण तो केक कोणाच्या घरी भाजलेला चालतो आणि कोणाच्या घरचा चालत नाही, याचे उत्तर प्रत्येक वस्तीत शोधावे लागेल. मांजरीसारख्या नव्याने शहरात आलेल्या गावांत हे संशोधन होणे अगत्याचे आहे. कारण तेथील शेजार आज घडतो आहे आणि त्याच्या पंक्तीचे नियमही आजच ठरत आहेत.