पुरांत भिजलेलें दप्तर

पाण्यास आपल्या भाषेंत ‘जीवन’ असेंही एक नांव आहे. नदीकांठच्या गांवांस त्या नांवाची यथार्थता कोणी समजावून द्यावयास नको. परंतु जें पाणी शेत पिकवितें तेंच एखाद्या वर्षीं उंबरठा ओलांडून घरांत येतें, आणि जातांना घराची आठवण घेऊन जातें. धान्य पुढल्या सालीं पुन्हां पिकतें, भिंत पुन्हां उभी राहते. लेख मात्र गेला तो गेला. भिजलेली वस्तु वाळवावी कशी, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं घरगुती वाटतो. पण त्याला इतिहास आहे; आणि इतिहास शिकविण्यांत तीस वर्षें घालवूनही तो आम्हांस वेळेवर आठवला नाहीं, म्हणून हा लेख लिहीत आहों.

कुरुंदवाड हें पटवर्धनांच्या संस्थानांपैकीं एक. १८५४ मध्यें त्याच्या थोरली व धाकटी अशा दोन पात्या झाल्या, आणि मार्च १९४८ मध्यें दोन्ही पात्या मुंबई प्रांतांत विलीन झाल्या. गांव कृष्णा-पंचगंगेच्या संगमापाशीं. पलीकडच्या तीरावर नरसोबाची वाडी. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या सह्याद्रींतून उतरणाऱ्या नद्यांचें पाणी पंचगंगा येथें आणून कृष्णेच्या स्वाधीन करते. कृष्णाच तुडुंब असली म्हणजे पंचगंगेस पुढें वाट मिळत नाहीं. तिचें पाणी मागें फुगतें व शिवारांत पसरून कित्येक दिवस तसेंच उभें राहतें. वाडीस हेंच पाणी देवाच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारानें बाहेर पडलें, म्हणजे भाविक ‘दक्षिणद्वार’ म्हणून त्यांत स्नान करतात. एका तीरावर जें तीर्थ, तेंच दुसऱ्या तीरावरील माजघरांत शिरलें म्हणजे संकट. २००५, २०१९ व २०२१ या तीन सालांच्या पुरांनीं हें संकट तेथील लहान मुलांसही ओळखीचें करून ठेवलें आहे.

ऑगस्ट २०१९ मधील गोष्ट. आमच्या मामांचें घर कुरुंदवाडास. मामा दोन वर्षांपूर्वीं निवर्तले होते. त्यांच्या संग्रहीं एका लोखंडी पेटींत रुमालांत बांधलेले मोडी कागद होते. इनामाचे, देण्याघेण्याचे, कांहीं खाजगी पत्रांचे. अखेरच्या वर्षांत मामांनीं हे कागद एकेक करून मोठ्यानें वाचले होते, आणि आमच्या मामेभावांनीं तें वाचन आपल्या फोनमध्यें ध्वनिमुद्रित करून ठेवलें होतें. वाचतां वाचतां मामा थांबत. अमका कोण, त्याचें घर कोठें होतें, त्याची पुढें काय दशा झाली, हें सांगत. संस्थान विलीन झालें तेव्हां ते दहा वर्षांचे होते. त्या दिवसांची हकीकतही त्यांत होती.

पूर चढला तेव्हां घरच्या मंडळींस नावेंतून बाहेर पडावें लागलें. पेटी माळ्यावर चढविण्यास वेळ मिळाला नाहीं. नावेंत पाय ठेवतांना मामेभावांच्या खिशांतील फोन गुडघाभर पाण्यांत पडला, आणि क्षणांत उचललाही. उंचावरच्या गांवीं एका स्नेह्यांकडे पोहोंचल्यावर चिरंजिवांनीं ‘चालतो का पाहूं’ म्हणून त्यास विजेची जोडणी दिली. पडदा एकदां उजळला आणि मावळला. मग आम्हांस विचारणा झाली, आम्हीं पुण्याहून मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें, “तांदुळाच्या डब्यांत तीन दिवस पुरून ठेवा.” तीन दिवसांनीं फोन डब्यांतून कोरडा ठणठणीत निघाला, आणि पुन्हां कधीं बोलला नाहीं.

पेटीची कथा निराळी. पूर ओसरल्यावर ती चिखलांतून काढली, तेव्हां आंतील रुमाल पाण्यानें निथळत होता. मामी म्हणाल्या, “ओढूं नका, सुटतील तेव्हां सुटतील.” त्यांनीं गठ्ठा थोडा निथळूं दिला, कागद सुटतील तसतसे कोऱ्या कागदांत घालून दाबले, सावलींत पंख्याखालीं पसरले, आणि मधले कोरे कागद ओले होतील तसे बदलले. कांहीं बंद एकमेकांस चिकटून कायमचे गेले. बाकीचे आज वाचतां येतात. आठ दिवस पाण्यांत राहिलेला कागद वांचला, आणि क्षणभर भिजलेलें यंत्र गेलें. असें कां व्हावें?

पहिलें कारण कागदाच्या घडणींत आहे. जुना हातकागद चिंध्यांच्या वा तागाच्या लांब तंतूंचा. ओला झाला तरी तो लगेच फाटत नाहीं. शाई काजळाची. काजळ पाण्यांत विरघळत नाहीं. मात्र त्यास धरून ठेवणारा डिंक पाण्यांत सुटतो. म्हणून ओलें अक्षर चोळलें कीं पुसलें, आणि न चोळतां वाळूं दिलें तर बहुधा राहिलें. आमच्या पोथीलेखकांस हें पक्कें ठाऊक होतें. पोथी संपली म्हणजे शेवटीं ते वाचकास विनवीत कीं हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. या यादींत पाण्याबरोबर मूर्खाचा हातही आहे, हें आम्हीं त्या वेळीं ध्यानांत घ्यावयास हवें होतें.

दुसरी गोष्ट अशी कीं, वाळलें म्हणजे सुधारलें असें होत नाहीं. याचा धडा युद्धाच्या इतिहासांत सांपडतो. २३ जून १७५७ रोजीं प्लासीच्या मैदानावर भर दुपारीं पावसाची मोठी सर आली. इंग्रजांनीं आपली दारू ताडपत्रीखालीं झांकली. नबाबाच्या तोफखान्याची दारू भिजली, आणि तोफा मंदावल्या. आतां भिजलेली दारू दुसऱ्या दिवशीं उन्हांत वाळविली तर पूर्वीसारखी होईल काय? नाहीं. दारूंतील सोरा पाण्यांत विरघळतो, आणि पाणी उडून गेल्यावर कोळसा व गंधक यांपासून वेगळा होऊन त्याचे खडे बनतात. पाणी गेलें, पण जातांना मिश्रणाची घडी मोडून गेलें. ती दारू पुन्हां कुटून एकजीव करावी लागते.

फोनचेंही नेमकें असेंच होतें. शुद्ध पाणी हें विजेचें फारच दुर्बळ वाहक आहे. पण पुराचें पाणी शुद्ध नसतें. त्यांत क्षार, माती, सांडपाणी सर्व कांहीं असतें, आणि असें पाणी वीज वाहून नेतें. फोनच्या आंतील पट्टीवर केसाहून बारीक अंतरानें तांब्याच्या वाटा आंखलेल्या असतात. त्यांत वीज खेळत असतां मध्यें असें पाणी आलें, तर एका वाटेवरील धातु विरघळून दुसरीकडे जाऊन बसतो, झाडाच्या मुळ्यांसारखे त्याचे तंतु वाढतात, आणि जेथें वाट नको तेथें वाट होते. तांब्यावर हिरवा थर चढतो, तो आपल्या घरच्या न घांसलेल्या तांब्यावर चढतो त्याच जातीचा. वीज बंद असेल तर ही क्रिया फार मंद चालते. वीज चालू असेल तर पाहतां पाहतां कार्यभाग उरकतो. कागद निर्जीव होता म्हणून पाण्यांत धीर धरून राहिला. फोन चालू होता म्हणून गेला. त्याला मारणारा पाण्याहून अधिक तो विजेचा दुवा, जो चिरंजिवांनीं उत्सुकतेनें जोडला.

वीज आणि पाणी यांचें हें वैर आपल्या देशास नवें नाहीं. १८३९ मध्यें डॉ. ओशॉनेसी यांनीं कलकत्त्यानजीक तारायंत्राचा प्रयोग करतांना हुगळीच्या पात्रांतूनही तार नेली. तेव्हांपासून तारेस कोरडें कसें राखावें हीच त्या विद्येची एक मोठी विवंचना राहिली. पुढें १९१९ मध्यें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर पॅट्रिक यांनीं सिलिका जेल बनविण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. हवेंतील ओल शोषून घेणारे तेच दाणे आज औषधाच्या बाटलींत व नव्या पादत्राणांच्या खोक्यांत पुडी होऊन येतात, आणि आपण त्या फेंकून देतों. ३१ जुलै १९९५ रोजीं ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस सुखराम यांच्याशीं भारतांतील पहिलें मोबाइल संभाषण केलें. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आंत हें यंत्र आमच्या खेड्यांतील प्रत्येक खिशांत आलें. त्याबरोबर त्यास जपण्याची विद्या मात्र आली नाहीं. तिच्या जागीं तांदूळ आला.

या तांदुळाच्या उपायाचा पगडा आमच्यासारख्या शिकलेल्यांवरही कां बसावा? तांदूळ थोडी ओल शोषतो हें खरें; परंतु मोकळ्या हवेंत ठेवलेल्या वस्तूपेक्षां तांदुळांत पुरलेली वस्तु लवकर वाळते असें नाहीं. उलट त्याचा कोंडा व पीठ भोकांत जाऊन बसतें. अ‍ॅपल कंपनीनें २०२४ मध्यें आपल्या सूचनांत फोन तांदुळांत ठेवूं नये असें स्पष्टच सांगितलें. तरीही जे फोन केवळ वाट पाहिल्यामुळें वांचतात त्यांचें श्रेय तांदुळास जातें, आणि जे मरतात त्यांची कथा कोणी सांगत नाहीं. इतिहासांत पुष्कळ दंतकथा अशाच रीतीनें टिकल्या आहेत. तांदुळाचा खरा गुण एकच: तो माणसास तीन दिवस हात लावूं देत नाहीं.

तेव्हां करावें काय? फोन पाण्यांतून काढल्याबरोबर बंद करावा, आणि चालतो कीं नाहीं हें पाहण्याचा मोह आवरावा. विजेची जोडणी मुळींच देऊं नये. वरचें आवरण व सिमकार्डाचा कप्पा काढून ठेवावा, बाहेरील पाणी मऊ फडक्यानें टिपावें, तोंड खालीं धरून तळहातावर हलकेच आपटावा, आणि पंख्याच्या वाऱ्यांत निदान एक-दोन दिवस ठेवावा. जवळ सिलिका जेलच्या पुड्या असल्यास उत्तम. ऊन, चूल, केस वाळविण्याचें यंत्र, यांपैकीं कशाचाही ताप देऊं नये. आंतील बॅटरीस तो सोसत नाहीं, आणि ती फुगली वा तापली तर फोन घराबाहेर नेऊन ठेवावा. हें झालें स्वच्छ पाण्याचें. पुराच्या पाण्यांत पडलेला फोन नुसता वाळवून भागत नाहीं. वाळला तरी गाळ व क्षार आंतच राहतात. तो शक्य तितक्या लवकर जाणत्या कारागिराकडून उघडवून आयसोप्रोपिल अल्कोहोलानें धुववावा. ओली वस्तु पुन्हां धुवावयाची हें ऐकून आम्हांसही नवल वाटलें होतें. आणि ‘पाण्यास दाद न देणारा’ अशी ग्वाही असलेल्या फोनवरही फार विसंबूं नये. ती परीक्षा नव्या फोनची व स्वच्छ पाण्यांत झालेली असते.

परंतु हें सर्व यथासांग केलें तरी पुष्कळ फोन जातातच, जसे पुष्कळ कागदही जातात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयांत शिरला. देशोदेशींच्या तरुणांनीं चिखलांतून ग्रंथ उपसले. कांहीं तर तंबाखू सुकविण्याच्या भट्ट्यांत नेऊन वाळविले. निपाणीकडील वाचकांस तें चित्र सहज डोळ्यांपुढें येईल. त्या ग्रंथांच्या दुरुस्तीचें काम पुढें कित्येक दशकें चाललें. इतकी विद्या व इतके हात असूनही जें गेलें तें गेलेंच. वाळविणें हा शेवटचा उपाय. पहिला उपाय निराळा आहे, आणि तो आपल्याच दप्तरांत लिहिलेला आहे.

मराठेशाहींतील सनदा-पत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस एक ठराविक सूचना वारंवार भेटते: या पत्राची तालीक लिहून घेऊन दप्तरीं ठेवावी, आणि अस्सल पत्र भोगवट्यासाठीं धन्यास परत द्यावें. म्हणजे एक लेख दोन घरीं. एक घर जळो, बुडो, दुसरें राहील. आमच्या इतिहासाचा मोठा भाग या नकलांनीं तारला आहे. मिरजेस शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून पटवर्धनी दप्तरांतील पत्रें ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें छापण्यास आरंभ केला. तेव्हां त्यांनीं एका परीनें हीच तालिकेची रीति हजारपटीनें वाढविली. त्यांतील एखादें मूळ पत्र उद्यां नाहींसें झालें, तरी तें वाचणारा निराधार होणार नाहीं.

मामांच्या आवाजाची तालीक कोणीं घेतली नव्हती. ती घेण्यास घटकाभराचेंही काम नव्हतें, आणि आम्हांस दोन वर्षें मिळालीं होतीं. दर दिवाळीस आम्ही त्या घरीं जात होतों, तें वाचन ऐकत होतों, आणि ‘पुढल्या खेपेस घेऊं’ म्हणत होतों. विद्यार्थ्यांस आम्ही दरसाल तालिकेचें महत्त्व सांगतों. तें आमच्या घरास लागू करण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं.

मामींनीं वाळविलेले कागद आतां आम्ही वाचीत आहों. अक्षर स्पष्ट आहे. परंतु एखादें नांव आलें म्हणजे आम्ही थांबतों, आणि हा कोण, हें सांगावयास कोणी नसतें. कागदांत जेवढें आहे तेवढेंच हातीं लागतें. मामी शेजारीं बसून ऐकतात; एकदां म्हणाल्या, “हे येथें हसले होते.” कां हसले होते तें त्यांस आठवलें नाहीं.

आमच्याकडे मृगापूर्वीं घरें शाकारण्याची, सरपण व धान्य यांची बेगमी करून ठेवण्याची चाल आहे. फोनमधील आवाज, चित्रें व कागद यांची एक नक्कल पुराच्या रेषेबाहेरच्या दुसऱ्या घरीं पोंचविणें, हें कामही त्या बेगमींत घालावें, असें नदीकांठच्या वाचकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे. २०२१ मध्यें पाणी पुन्हां आलें, तेव्हां पेटी माळ्यावर होती, आणि तींतील कागदांची एक प्रत पुण्यास आमच्या कपाटांत होती.